वॉर्डातला फोन कोणी उचलायचा? कोविडच्या दुसऱ्या लाटेतल्या एका उपजिल्हा रुग्णालयाचं प्रकरण

हे प्रकरण एप्रिल ते ऑगस्ट २०२१ मधलं, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. नावं बदलली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील फिरवले आहेत. मी तेव्हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता होतो (पदाचं नाव सरकारी आहे, माझा इलाज नाही). म्हणजे बाहेरून आलेला माणूस, पीपीई किट घालून वॉर्डात एकूण चारच वेळा गेलेला. ज्यांनी रात्री आत काढल्या त्यांनी सांगितलेलं मी मांडतो आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

पार्श्वभूमी

रुग्णालय १०० खाटांचं. एरवी बाळंतपणं, सर्पदंश, मोटारसायकलचे अपघात आणि विष प्यायलेली माणसं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यातल्या ७० खाटा कोविडला दिल्या गेल्या. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं फडावरून परतायचे हेच दिवस. टोळीतला एक तापला की आठ दिवसांत मुकादमासकट सगळे ओपीडीच्या रांगेत दिसायचे. बहुतेक आरोग्य कर्मचाऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारीत लस मिळालेली होती, त्यामुळे २०२० सारखी स्वतःच्या मरणाची धास्ती सिस्टर मंडळींना तेवढी नव्हती. घरी म्हातारे सासू-सासरे आणि लहान लेकरं होती. त्यांची होती.

कायम अधिपरिचारिकांच्या (म्हणजे स्टाफ सिस्टरांच्या) बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर कंत्राटी मुली आणि दोन ब्रदर (पुरुष परिचारक) घेतले होते. कायम सिस्टरांपैकी सहा जणी पन्नाशीच्या पुढच्या, शुगर-बीपीच्या. त्यांना कोविड वॉर्डातून सूट होती. त्यामुळे नाइटचा भार कंत्राटी मुलींवर यायचा, आणि पगार मात्र त्यांचाच कमी आणि तोही उशिरा. याची कुजबुज दोन्ही बाजूंनी होती. रात्री ३४ ऑक्सिजन खाटांच्या पुरुष वॉर्डात दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि एक मावशी. डॉक्टर एकच, तेही तिन्ही वॉर्डांना मिळून.

आणि उन्हाळा. एप्रिलमधला मराठवाडा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. संसर्गाच्या भीतीने एसी बंद, अंगावर प्लास्टिकचं किट, गॉगलवर वाफ. ड्युटी कागदावर सहा तासांची, पण किट चढवणं, ओव्हर देणं (पुढच्या पाळीला काम सोपवणं), किट काढणं आणि अंघोळ धरली तर आठ. मध्ये लघवीला जावं लागू नये म्हणून मुली ड्युटीच्या दोन तास आधीपासून पाणी पीत नसत. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते वेगळं लिहीत नाही.

अडचण

एका रात्री, पहाटे पाचच्या सुमाराला, सविता नावाच्या २३ वर्षांच्या कंत्राटी सिस्टरने एका रुग्णासाठी इन्सुलिन भरलं. कोविडमध्ये स्टेरॉइड चालू असलं की साखर चढते, म्हणून वॉर्डात निम्म्याहून जास्त जणांना इन्सुलिन चालू. द्यायचं होतं २० युनिट. सरकारी पुरवठ्यातली बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पण त्या आठवड्यात दानातून आलेल्या खोक्यात १०० युनिटच्या बाटल्या होत्या. लाल टोपणाच्या सिरिंजने त्यातून २० च्या रेघेपर्यंत भरलं की जातात ५० युनिट, अडीच पट. शेजारच्या खाटेवर सलाईन बदलणाऱ्या ब्रदरचं बाटलीच्या लेबलाकडे लक्ष गेलं, त्याने तिचा हात धरला. डोस गेला नाही.

सविता तिथेच खाली बसली. तिला आदल्या दिवशी झोप आली नव्हती एवढंच नाही, सहा दिवसांत ती सलग अशी तीन तासांवर झोपलीच नव्हती. घर पत्र्याचं. दिवसा ते तापतं आणि नाइट करून आलेल्या माणसाला झोप तर दिवसाच हवी असते. आईवडील ऊसतोडीचे. उचल घेऊन त्यांनी पोरीचा नर्सिंगचा, जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स पुरा केलेला. नोकरी सोडणं हा विचारसुद्धा तिच्याकडे नव्हता.

पण झोप का उडाली, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटत होतं, मृत्यू बघून. तिने सांगितलं ते वेगळं होतं. वॉर्डाला एक साधा मोबाइल दिलेला होता, नातेवाइकांच्या चौकशीसाठी. तो दिवसरात्र वाजायचा. "सिस्टरबाई, बापानं काही खाल्लं का ओ?" "त्यांना म्हणावं, म्हैस व्यायली." ज्याच्या हाताशी फोन असेल त्याने उचलायचा, हा नियम कुणी केला नव्हता, तो पडला होता. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न) देत असायचे, त्यामुळे माणूस गेल्याची बातमीही फोन उचलणारीच द्यायची. सविताने एका रात्रीत चार घरांना ती दिली. चौथ्या वेळी पलीकडे एक शाळकरी पोरगा होता. तो म्हणाला, "थांबा, आईला देतो," आणि आईने फोन घेईपर्यंतचा जो वेळ गेला, तो तिला घरी गेल्यावरही ऐकू यायचा. मग ती फोन वाजला की बाथरूमच्या दिशेने जायची. घरचा फोनही तिने बंद ठेवला होता. तिचे आईवडील काळजीने अर्धमेले झाले होते, ते वेगळंच.

दुसरी भीती ऑक्सिजनची होती. २१ एप्रिलला नाशिकमध्ये टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावल्याची बातमी आली आणि आमच्याकडे प्रत्येक सिस्टरचा कान त्या फुसफुशीला लागला. इथे टाकी नव्हती, जम्बो सिलिंडरची रांग होती. एका जम्बोत साधारण ७ हजार लिटर वायू. मिनिटाला १५ लिटर घेणारा एकच रुग्ण तो आठ तासांच्या आत संपवतो. हे गणित प्रत्येकीच्या डोक्यात चालू असायचं आणि गेज बघायला मात्र किटसकट मागच्या दारापर्यंत जाता येत नसे.

कोणते पर्याय होते

इन्सुलिनचा प्रकार सकाळी ओव्हरमध्ये सांगितला गेला. ब्रदरने लपवला नाही आणि सवितानेही नाही. निर्णय इन्चार्ज परिसेविका शोभाताईंकडे आला. वय ५२, नोकरीची २८ वर्षं, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. सूट मिळण्यासारखी शुगर त्यांनाही होती, घेतली नव्हती.

वरून सुचवलेला पहिला मार्ग कारणे दाखवा नोटिशीचा. नियमाला धरून होता. शोभाताईंनी तो नाकारला, आणि त्यांचं कारण मायेचं नव्हतं, हिशोबाचं होतं: "हिला मेमो दिला तर पुढची पोरगी चूक झाली तरी सांगायची नाही. मग मला कळणार कसं?" दोन तऱ्हेच्या बाटल्या एका ट्रेमध्ये ठेवल्या कुणी, हा प्रश्न त्यांनी आधी स्टोअरला विचारला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो घ्यायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

दुसरा मार्ग रजेचा. कंत्राटी ऑर्डरवर रजा म्हणजे बिनपगारी, आणि तिच्या जागी येणारं कुणी नव्हतं. तिसरा, सविताने स्वतः मागितलेला: झोपेची गोळी. चौथा म्हणजे "समुपदेशन करा", जो प्रत्येक बैठकीत शेवटच्या ओळीला येतो. तो माझ्या वाट्याला आला.

माझं व्याख्यान

२३ एप्रिलला, शुक्रवारी दुपारी, मला तिथे ताणतणाव व्यवस्थापनावर सत्र घ्यायला पाठवलं. ड्युटी सुटल्यावर १७ जणी आणि एक ब्रदर हॉलमध्ये बसवले होते. केस ओले, नाकावर मास्कचे वळ. मी अर्धा तास बोललो, श्वासाचा व्यायाम करून घेतला आणि मग म्हणालो, जे मनात आहे ते मोकळेपणाने बोला.

एकीने बोलायला सुरुवात केली. तिच्या वर्गमैत्रिणीचे वडील तिच्याच ड्युटीत गेले होते, सगळं तपशिलात सांगितलं. तिघी रडायला लागल्या. सविता उठून बाहेर गेली. मागच्या खुर्चीवरची एक ज्येष्ठ सिस्टर शांतपणे म्हणाली, "सर, आमचं जेवण राह्यलंय अजून." सत्र तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी दोघी कामावर आल्या नाहीत.

मला हे माहीत असायला हवं होतं. नुकत्याच घडलेल्या आघातानंतर सगळ्यांना एकत्र बसवून तो पुन्हा उगाळायला लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं. पण पाठवलं आहे तर काहीतरी घेऊन दाखवलं पाहिजे, या दडपणाखाली मी तेच केलं. आघात तर अजून संपलाही नव्हता. त्यांना सहा तासांनी परत आत जायचं होतं. त्या बायका 'दगड झाल्यागत' वागत होत्या असं मला वाटलं होतं आणि तो दगड फोडायचा माझा बेत होता. काही आठवड्यांसाठी दगड होणं हेही एक काम निभावायचं साधन असतं, हे त्या दुपारी मला कळलं.

काय केलं

शोभाताई मला बाहेर कडुनिंबाखालच्या ओट्यावर घेऊन गेल्या. हातात ड्युटी लिस्टचं रजिस्टर. म्हणाल्या, "सर, पोरींना काय वाटतंय ते राहू द्या. कधी वाटतंय ते मी सांगते." आणि त्यांनी वेळ लावून दाखवली: रात्री अकरा ते एक फोन, पहाटे तीननंतर सिलिंडर, ओव्हरच्या आधीचा शेवटचा तास, आणि सलग चौथी नाइट. मी तोवर ताण माणसात शोधत होतो. त्यांच्याकडे तो वेळापत्रकात लिहिलेला होता.

सोमवार २६ एप्रिलपासून बदल सुरू झाले. सगळे एकदम नाही, आणि सगळे सुखासुखीही नाही.

फोन वॉर्डातून काढला, हा पहिला. शिक्षकांना कोविड ड्युटी लागलेलीच होती. दोन गुरुजी बाहेरच्या मांडवात मदत कक्षावर बसवले. सकाळी वॉर्डातून प्रत्येक खाटेची एक ओळ जायची: खाल्लं का, ऑक्सिजन किती लिटरवर, बोलतो का. त्यावरून दुपारी चार ते सहा गुरुजी स्वतः घरोघर फोन लावायचे. हाका मारणाऱ्याचा फोन आणि आपण होऊन लावलेला फोन यात किती फरक असतो! पहिल्याचा धाक असतो, दुसऱ्याचा आधार. आठवडाभरात गेटवरची गर्दी विरळ झाली. "म्हैस व्यायली" वगैरे निरोप गुरुजी कागदावर लिहून आत पाठवायचे आणि ड्युटीवरची मावशी ते वाचून दाखवायची. मावशींना वाचता येतं हे कित्येकांना तेव्हाच कळलं.

मृत्यूची बातमी देण्यावर मात्र वाद झाला. तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणाले, "मी कुठं कुठं पुरू?" त्यांचं चुकत नव्हतं. पण शोभाताई हटल्या नाहीत. शेवटी ठरलं ते असं: बातमी डॉक्टरच देतील. नातेवाईक आवारात असतील तर फोनवर नाही, मांडवात बसवून समोर. रात्री शक्य नसेल तर गुरुजी घरी फोन करून "तब्येत फार बिघडली आहे, मोठ्या माणसाला घेऊन या" एवढंच सांगतील. हे अर्धसत्य होतं आणि मला ते आजही टोचतं. पण अंधारात, मोटारसायकलवर, घाटरस्त्याने येणाऱ्या माणसाला काय सांगून निघायला लावायचं, याचं माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. डॉक्टरांसाठी चार वाक्यांचं एक कार्ड केलं. ते म्हणाले, कार्डाची गरज नाही. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या खिशात दिसलं.

नाइट सलग तीनच, मग एक ऑफ. आधी सात असायच्या. माणसं वाढली नव्हती, मग ऑफ आणायचा कुठून? सूट मिळालेल्या सहा ज्येष्ठ सिस्टरांना शोभाताईंनी किटबाहेरचं सगळं काम दिलं: इंडेंट (स्टोअरकडची मागणी), साखरेचे तक्ते, इन्सुलिनच्या बाटल्या वेगळ्या करून रंगीत चिकटपट्टी लावणं, मांडवासाठी सकाळची ओळ उतरवून काढणं. त्यामुळे आतल्या मुलींचा लिहिण्यात जाणारा वेळ वाचला आणि सकाळी-दुपारी एक-एक माणूस कमी चालायला लागलं. कायम आणि कंत्राटी यांच्यातली कुजबुज संपली नाही, पण सहा जणी दिवसभर घामाघूम होताना दिसल्यावर तिची धार गेली.

ऑक्सिजनसाठी अधीक्षकांनी एका माणसाला तेवढंच काम दिलं. दर तासाला गेज बघायचं आणि वॉर्डाच्या काचेबाहेर फळ्यावर आकडा लिहायचा, आतून दिसेल असा मोठा. रात्री तीनला खडूने नुकता लिहिलेला आकडा दिसणं म्हणजे काय, हे मला एका सिस्टरने सांगितलं: "तेवढ्यापुरता श्वास खाली उतरतो, सर." मी हॉलमध्ये शिकवलेल्या श्वासाच्या व्यायामाबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

जोड्या लावल्या. एक जुनी, एक नवी. किट एकमेकींनी बघून घालायचं, एकमेकींसमोर काढायचं, इन्सुलिन दोघींनी वाचून द्यायचं. किट काढल्यावर पाच मिनिटं फक्त तीन प्रश्न: पाणी प्यालीस का, काय राहिलंय, कुणाला सांगायचंय. रडायला मनाई नव्हती, पण कुणाला रडवायचंही नव्हतं. याखेरीज त्यांचं त्यांचं चालायचंच. किटच्या पाठीवर मार्करने नाव लिहायची पद्धत होती. एकीने दुसरीच्या पाठीवर 'मुख्यमंत्री' लिहिलं आणि आठवडाभर रुग्ण तिला साहेब म्हणून हाक मारत होते. एक जण हरिपाठ पुटपुटायची. ब्रदरची तंबाखू वाढली, तेही नोंदवायला हवं.

१२ मेला, परिचारिका दिनाला, तालुक्यातली मंडळी गुलाबाची फुलं घेऊन आली. 'कोविड योद्धा' असं छापलेलं होतं. वर्षभरापूर्वी, २२ मार्चला, याच गावाने थाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याच महिन्यात एका सिस्टरला घरमालकाने खोली सोडायला सांगितलं होतं. ज्येष्ठ सिस्टर, त्याच, जेवण राहिल्याचं सांगणाऱ्या, फुलं घेऊन म्हणाल्या, "लई छान. एक कूलर मिळंल का?" मिळाला. जुनी स्टोअर रूम रिकामी करून त्यात तो लावला, एक पाण्याचा जार, मिठाचं ताक, पॅडचं पाकीट आणि दोन खाटा.

सवितासाठी

तिला दहा दिवस दिवसपाळीत, ऑक्सिजन कमी होत आलेल्या रुग्णांच्या बाजूला ठेवलं. तिथे माणसं घरी जाताना दिसतात. झोपायला क्वार्टर्समधली एक रिकामी, स्लॅबची खोली. मी एक दिवसाआड फोन करायचो, तोही तिला विचारून ठरवलेल्या वेळी, आधी मेसेज टाकून. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे पहिल्याच बोलण्यात सरळ विचारलं. येत नव्हते. मनोविकारतज्ज्ञांनी व्हिडिओवर एकदा तपासलं आणि झोपेची गोळी दिली नाही. अशा ताज्या आघातात त्या जातीच्या गोळ्या टाळाव्यात असंच शास्त्र सांगतं, शिवाय तिला ड्युटीवर सुस्ती परवडणारी नव्हती. ती आधी नाराज झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी सलग सहा तास झोपली. काय उपयोगी पडलं असं विचारलं तर म्हणाली, "स्लॅब. आणि फोन वाजत नाही ते."

पुढे काय झालं

न सांगता गैरहजर राहणं मे महिन्यात जवळजवळ थांबलं. इन्सुलिनची तशी चूक पुन्हा नोंदली गेली नाही. झालीच नाही असं मी म्हणणार नाही, पण चुका सांगितल्या जात होत्या, त्यामुळे झाली असती तर कळली असती असं वाटतं. मेच्या उत्तरार्धात लाटच ओसरायला लागली, तेव्हा श्रेय कशाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. मांडव जूनच्या पहिल्या वादळात उडाला आणि तोवर गरजही उरली नव्हती.

जूनअखेर कंत्राटी ऑर्डर संपल्या, वाढवल्या नाहीत. सविताला ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका पीडीएफमधून कळलं. ती आता दुसऱ्या शहरात आयसीयूमध्ये काम करते. हे लिहिण्याआधी तिने वाचलं आणि एक दुरुस्ती सुचवली: शाळकरी पोरगा "देतो" नव्हे, "देतो हं" म्हणाला होता.

ऑगस्टमध्ये, वॉर्ड पुसून-धुऊन पुन्हा बाळंतपणं सुरू झाल्यावर, शोभाताई एका सकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या आणि आत जाऊ शकल्या नाहीत. दोन महिने झोप नव्हती, शुगर चारशेला टेकली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना पुढे औषधं लागली, सहा महिने लागले. त्या आता बऱ्या आहेत.

पुन्हा वेळ आली तर

फोनचा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारेन. साथ कोणतीही असो, डेंग्यू असो की गॅस्ट्रो, वॉर्डात जाऊन एक पाळीभर कोपऱ्यात उभं राहिलं की काय वाजतंय, कोण धावतंय हे दिसतं. हॉलमधलं सत्र घेणार नाही. घ्यायलाच लावलं तर जेवण झाल्यावर, वीस मिनिटं, आणि त्यात फक्त माहिती: झोप कशी सांभाळायची, कधी मदत मागायची, कुणाकडे. तेव्हा द्यायला माझ्याकडे माझाच नंबर होता. आता ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास चालतो. ओळखीच्या माणसाशी न बोलता आधी अनोळखी माणसाशी बोलणं छोट्या गावात कित्येकींना सोपं जातं.

लाट ओसरल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा जायला हवं होतं. आम्ही जूनमध्ये फाइल बंद केली. निधी, अहवाल, फोटो सगळं त्या तारखेपर्यंतचं. शोभाताई कोसळल्या त्या नंतर.

मध्यंतरी ती २६ एप्रिलची ड्युटी लिस्ट त्यांनी मला दाखवली, रजिस्टरमध्ये जपून ठेवलेली. जोडीच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे दुसरं नाव आहे. सगळ्यात वर त्यांचं स्वतःचं नाव, आणि त्याच्यापुढे त्यांनीच पट्टी लावून मारलेली एक सरळ रेघ. खाली तपासल्याची माझी सही आहे.